आंबेडकरांच्या पदव्युत्तर अध्ययनाच्या दोन तयाऱ्या : इ. स. १९१३ व १९२०

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनीं परदेशच्या विद्यापीठांतून कोणत्या पदव्या कोणत्या सालीं मिळविल्या, ही यादी आतां सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु त्या विद्यापीठांच्या दारापर्यंत ते कसे पोंचले, पैसा कोणीं व कोणत्या अटींवर दिला, परवानगी कोणाची घ्यावी लागली, या गोष्टींचा विचार ओझरताच झालेला आढळतो. पदवीचा कागद शेवटीं हातीं पडतो. अध्ययनाची वाट बहुधा त्यापूर्वींच्या कागदांनीं ठरलेली असते. आंबेडकरांस ही तयारी दोनदां करावी लागली. पहिली १९१३ सालीं बडोदें सरकारच्या आश्रयानें, व दुसरी १९१७ ते १९२० या तीन वर्षांत स्वतःच्या हिंमतीवर. दुसरीची गरज पहिलीच्या करारांतूनच उत्पन्न झाली, असें आमचें मत आहे; तें येथें साधार मांडण्याचें योजिलें आहे.

पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. १९०७ सालीं आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कुलांतून मॅट्रिक झाले, तेव्हां कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यांस भेट दिलें, ही हकीकत प्रसिद्ध आहे. केळुसकरांनीं याहून मोठें काम केलें तें असें कीं, कॉलेजचा खर्च वडिलांस झेपेना तेव्हां त्यांनीं या विद्यार्थ्याची सयाजीराव महाराजांशीं गांठ घालून दिली, व दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति सुरू झाली. पुस्तकें व कपडे प्रो. म्युलर देत. संस्कृत शिकण्याची इच्छा असतांहि जातीमुळें शाळेंत तें शिकतां आलें नाहीं, म्हणून फारसी ही दुसरी भाषा घ्यावी लागली. फारसी अखबार व फर्मानें वाचणाऱ्या आमच्या वाचकांस ती भाषा कमी प्रतीची वाटणार नाहीं. तथापि प्राचीन हिंदुस्थानच्या व्यापारावर पुढें ज्यानें प्रबंध लिहिला, त्याच्यापुरतें संस्कृताचें दार शाळेनें लावून घेतलें होतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तें त्यांनीं मागाहून स्वतःच्या परिश्रमानें उघडलें.

बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्यें ते बडोद्याच्या नोकरींत शिरले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या दुखण्याचें वर्तमान आलें, व २ फेब्रुवारी १९१३ रोजीं सुभेदार रामजी सकपाळ वारले. याच सुमारास सयाजीराव महाराजांच्या मनांत कांहीं विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठवावयाचें होतें. आंबेडकरांची निवड झाली, आणि ४ जून १९१३ रोजीं बडोद्यास विद्याखात्याच्या अधिकाऱ्यासमोर त्यांनीं करारावर सही केली.

जुन्या दफ्तरांतील कतबे व मुचलके पाहण्याची ज्यांस संवय आहे, त्यांस हा करार परका वाटणार नाहीं. कोणीं, कोणासमोर, किती मुदतीसाठीं, काय घेऊन काय देण्याचें कबूल केलें, हे प्रश्न येथेंहि विचारले पाहिजेत. घेणें होतें तें दरमहा ११॥ पौंड, मुदत तीन वर्षें. देणें होतें तें शिक्षण संपल्यावर बडोदें सरकारची दहा वर्षें नोकरी. त्या वेळीं रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स, म्हणजे पौंडास १५ रुपये असा होता. त्या हिशेबानें ही रक्कम महिन्यास १७२॥ रुपये होते. तीन वर्षांची बेरीज ४१४ पौंड, म्हणजे ६,२१० रुपये. कॉलेजांतील २५ रुपयांशीं ताडून पाहतां हा आश्रय उदार होता यांत शंका नाहीं. परंतु यांतूनच मुंबईच्या कुटुंबासहि कांहीं पाठवावें लागे. तीन वर्षांस दहा वर्षें हें प्रमाण जड दिसतें खरें, तरी प्रजेच्या पैशानें विद्वान् तयार करणाऱ्या संस्थानानें त्याच्या विद्येचा लाभ मागावा यांत गैर कांहीं नाहीं. मात्र या कराराच्या ज्या अटी प्रसिद्ध आहेत, त्यांत दहा वर्षें नोकरी करणाऱ्यास बडोदें शहरांत राहावयास जागा मिळेल कीं नाहीं, याचा विचार कोठें दिसत नाहीं. त्याचें फळ चार वर्षांनीं दिसून आलें.

सहीनंतर सात आठवड्यांच्या आंत, जुलैच्या तिसऱ्या सप्ताहांत, ते न्यूयॉर्कला पोंचलेहि. आधीं हार्टले हॉल, मग कॉस्मोपॉलिटन क्लब, व पुढें लिव्हिंग्स्टन हॉल अशीं त्यांचीं बिऱ्हाडें झालीं. शेवटच्या ठिकाणीं नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याचा शेजार लाभला; हें नांव पुढें पुन्हां येणार आहे. कोलंबियांत त्यांनीं घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद एलिनॉर झेलियट यांनीं दिली आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकीं एक. मुंबईच्या पदवीनें जें दिलें नव्हतें तें येथें भरून काढण्याची ही खटपट होती. १९१५ सालीं एम्. ए. झालें. ९ मे १९१६ रोजीं प्रा. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासमंडळांत वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध मे १९१७ च्या ‘इंडियन अँटिक्वरी’ मासिकांत छापला गेला. तो अंक आमच्या अनेक वाचकांच्या संग्रहीं असेल. जून १९१६ मध्यें हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध पीएच्. डी. साठीं सादर झाला, आणि त्याच वर्षीं ते लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयांत व ग्रेज इनमध्यें दाखल झाले.

येथें करारानें पहिला अडसर घातला. शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ च्या मध्यास लंडनचें अध्ययन अर्धवट टाकून परत येणें प्राप्त झालें. निघण्यापूर्वीं आंबेडकरांनीं एक कागद मात्र मिळवून ठेवला. प्रा. एडविन कॅनन यांच्या द्वारें त्यांनीं लंडन विद्यापीठाची अशी परवानगी घेतली कीं, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आंत परत आल्यास अध्ययन पुढें चालू करतां यावें. आमच्या मतें दुसऱ्या तयारीचा आरंभ या परवानगीपासून धरला पाहिजे. पैसा नाहीं, आश्रय नाहीं, दहा वर्षांच्या नोकरीचें बंधन डोक्यावर, अशा स्थितींत चार वर्षांची मुदत मागून घेणारा मनुष्य परत येण्याचा निश्चय करूनच निघाला असला पाहिजे.

सामान निराळ्या जहाजावर चढविलें होतें. महायुद्ध चालू होतें. तें जहाज पाणतीरानें बुडालें. सामानाच्या विम्याबद्दल टॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले, त्यांतील कांहीं घरखर्चास ठेवून उरलेल्या रकमेवर बडोद्याचा प्रवास झाला. सहाशें रुपयांनीं भरून न येणारें नुकसान वेगळें होतें. कोलंबिया विद्यापीठाच्या हस्तलिखित संग्रहांत आंबेडकरांनीं प्रा. सेलिग्मन यांस १६ फेब्रुवारी १९२२ रोजीं लिहिलेलें पत्र आहे. मूळ प्रबंधाचें हस्तलिखित १९१७ च्या प्रवासांत जहाज बुडाल्यामुळें गेलें, म्हणून आपण नवा प्रबंध लिहिला आहे, असा त्याचा आशय आहे. १९२५ सालीं लंडनच्या पी. एस्. किंग कंपनीनें प्रसिद्ध केलेला ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ म्हणजे १९१६ चाच प्रबंध नांव बदलून छापलेला, असें वारंवार लिहिलें जातें. हें पत्र समोर ठेवल्यावर ती समजूत टिकणें कठीण आहे. दोन्ही एक मानावयाचे असल्यास तसें म्हणणाऱ्यानें आधीं या पत्राचा निकाल लावला पाहिजे.

२१ ऑगस्ट १९१७ रोजीं ते मुंबईस उतरले व कराराप्रमाणें बडोद्यास रुजू झाले. पुढील हकीकत त्यांनीं स्वतःच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली आहे. तींतील सालें इतर कागदांशीं जुळत नाहींत, परंतु घटनेच्या खरेपणास त्यानें बाध येत नाहीं. हिंदु वस्तींत जागा मिळेना, म्हणून पारशी नांव धारण करून ते एका पारशी विश्रामगृहांत राहिले. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावानें त्यांस बाहेर काढलें. स्नेह्यांच्या घरींहि आसरा न मिळाल्यानें कामाठी बागेंत बसून त्यांनीं रात्रीची मुंबईची गाडी गांठली. दहा वर्षांच्या कबुलीची अशी अखेर झाली. करार कोणीं मोडला, असा प्रश्न कोणी कायदेपंडित उपस्थित करील तर करो. शहरानें तो पाळणें अशक्य केलें, एवढें इतिहासास स्पष्ट दिसतें.

आतां दुसरी तयारी. नोव्हेंबर १९१८ मध्यें मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दरमहा ४५० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. ती नोकरी त्यांनीं मार्च १९२० पर्यंत केली. राहणी काटकसरीची ठेवून पगारांतून परदेशगमनासाठीं शिल्लक टाकणें हाच तिचा मुख्य उपयोग होता. याच काळांत ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ निघालें, व मार्चमध्यें माणगांवची परिषद भरली. दोहोंस शाहू महाराजांचें पाठबळ होतें. लंडनच्या प्रवासासहि महाराजांनीं साहाय्य केलें. उरलेली तूट नवल भथेना यांनीं ५,००० रुपये कर्जाऊ देऊन भरून काढली. बडोद्यांत पारशांनीं बाहेर काढिलेल्यास न्यूयॉर्कच्या पारशी मित्रानें लंडनास पोंचविलें. पहिल्या वेळीं एक दाता व एक करार होता; या वेळीं पगार, मदत व कर्ज अशी तिहेरी जुळणी करावी लागली, आणि चार वर्षांच्या मुदतींतील जवळजवळ तीन वर्षें त्यांत खर्चीं पडलीं.

या पैशास आणखी एक धोका होता, व तो आंबेडकरांइतका कोणत्याहि विद्यार्थ्यास समजला नसेल. १९२० सालीं सरकारनें रुपयाचा भाव २ शिलिंग ठरविला. त्या भावानें ५,००० रुपयांचे ५०० पौंड होतात. परंतु तो भाव टिकला नाहीं. १९२१ मध्यें रुपया जुन्या १ शिलिंग ४ पेन्सांच्याहि खालीं आला, व त्या जुन्या भावानेंच धरलें तरी पौंड होतात ३३३. घरून रुपये मागवून लंडनांत पौंडांनीं खर्च करणारा विद्यार्थी या उतरत्या भावांत कसा होरपळत असेल, हें सांगावयास नको. त्याच दिवसांत त्यांनीं डी. एस्सी. साठीं विषय निवडला तो रुपयाच्या प्रश्नाचाच. निवडीचें कारण केवळ खिशांत शोधणें अन्यायाचें होईल. तथापि ज्या विषयावर तो प्रबंध आहे तो विषय लेखकाच्या दररोजच्या जमाखर्चांत होता, हें विसरूं नये.

जुलै १९२० मध्यें ते निघाले व सप्टेंबरअखेर लंडनचें अध्ययन पुनः सुरू झालें, म्हणजे परवानगीची मुदत संपण्यास वर्षभर अवकाश असतां. एम्. एस्सी. १९२१ त व डी. एस्सी. १९२३ त झाली. कोलंबियाची पीएच्. डी. विधिपूर्वक मिळाली ती १९२७ त, ग्रंथ छापून झाल्यावर.

दोन्ही ग्रंथांचीं अर्पणपत्रिकेचीं पानें शेजारीं ठेवून पाहावीं. १९२३ चा रुपयावरील ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस वाहिलेला आहे. १९२५ चा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ शिक्षणांतील साहाय्याबद्दल कृतज्ञतापूर्वक सयाजीराव महाराजांस. करार तुटल्यास तेव्हां आठ वर्षें होऊन गेलीं होतीं.

न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारांत आंबेडकरांनीं पुष्कळ पुस्तकें खरेदी केलीं होतीं, व तीं सर्व त्यांच्या हातीं परत आलीं नाहींत. १९१३ ते १९१६ या काळांतील त्यांच्या सहीचें एखादें पुस्तक, किंवा १९१७ ते १९२० च्या तयारीसंबंधींचें पत्र, पावती वा नक्कल कोणा संग्राहकापाशीं असल्यास त्यांनीं तिचें वर्णन तारखेसह प्रसिद्ध करावें. पानाच्या कडेस कांहीं टिपणें असलीं तर तीं आधीं.