टिळक, बाळ दत्तात्रेय

(२६ सप्टेंबर १९१८ – २५ मे १९९९). रंजकद्रव्ये आणि विषमवलयी संयुगे यांवर काम केलेले कार्बनी रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातील (यूडीसीटी) प्राध्यापक, पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. लोकमान्यांशी असलेल्या नामसाम्यामुळे ग्रंथालयांच्या सूचीत शोधताना वडिलांचे नाव पाहून घ्यावे.

जन्म विदर्भातील कारंजा येथे. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था १९४२ मध्ये निघाली. तोवर विद्यार्थी कारंज्याचा असो की उमरेडचा, रासायनिक तंत्रज्ञानासाठी त्याला विदर्भ सोडावाच लागे. टिळक मुंबईला गेले. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या यूडीसीटीची सूत्रे १९३८ पासून के. वेंकटरामन यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखाली डॉक्टरेट केल्यावर टिळकांनी ऑक्सफर्डला सर रॉबर्ट रॉबिन्सन (नोबेल १९४७) यांच्याकडे संशोधन केले. वेंकटरामनही मूळचे रॉबिन्सन यांचेच विद्यार्थी.

संशोधन : टिळकांचे नाव संचालक म्हणून अधिक घेतले जात असले, तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे महत्त्वाचे काम गंधकयुक्त वलयांवरचे आहे. डांबरातील काही बहुवलयी हायड्रोकार्बने कर्ककारक असतात. त्यांच्या एखाद्या बेंझीन वलयातील दोन कार्बनांचा दुवा काढून तेथे गंधकाचा एक अणू बसवला, तर थायोफीन वलय तयार होते आणि रेणूचा आकार जवळजवळ तोच राहतो. मग कर्ककारकताही तशीच राहते का? हे तपासायचे तर आधी असे रेणू हाती यायला हवेत. टिळकांनी त्यासाठी सोपी वाट काढली. थायोफेनॉलपासून टोकाला ॲसिटल असलेले सल्फाइड बनवायचे आणि ते फॉस्फोरिक आम्ल व फॉस्फरस पेंटॉक्साइड यांच्या मिश्रणात तापवायचे. अल्कोहोल सुटते, वलय मिटते आणि बेंझोथायोफीन मिळते. के. रबींद्रन यांच्यासह लिहिलेली थायोफीन व थायापायरान संश्लेषणावरील निबंधमाला १९५० च्या दशकात भारतीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात आली. १९६० मध्ये ‘टेट्राहेड्रॉन’मध्ये समग्र आढावा प्रसिद्ध झाला. हाडांच्या ठिसूळपणावर देतात त्या रॅलॉक्सिफीनचा गाभा बेंझोथायोफीनच आहे, आणि तो बांधतानाही आम्लाने वलय मिटवण्याची याच जातीची विक्रिया वापरतात. औषधाचे श्रेय अर्थातच इतरांचे.

रंजकद्रव्यांवरील काम वेंकटरामन परंपरेतले.

अध्यापन : यूडीसीटीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन. तेथील शिक्षण कापड व रंग गिरण्यांच्या गरजांशी बांधलेले असताना मूलभूत संश्लेषणाचे प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती देणे ही सोपी गोष्ट नव्हती. निबंधांवर विद्यार्थ्यांची नावे सहलेखक म्हणून आहेत.

संचालकपद : राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९६६ मध्ये वेंकटरामन यांच्यानंतर नियुक्ती, १९७८ पर्यंत. आयातीला पर्याय ठरतील अशा प्रक्रिया प्रयोगशाळेने उद्योगांना द्याव्यात, हा त्या काळातला आग्रह. तो कितपत फळाला आला याबाबत एकवाक्यता नाही. रसायन अभियंते रघुनाथ माशेलकर १९७६ मध्ये याच कारकिर्दीत प्रयोगशाळेत आले. टिळकांनंतर एल. के. दोराईस्वामी संचालक झाले.

निवृत्तीनंतर ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरात आणणारे केंद्र पुण्यात उभारले.

सन्मान : शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (अभियांत्रिकी विभागात, रसायनशास्त्रात नव्हे), पद्मभूषण (१९७२).

अकादमीच्या कार्यवृत्ताचे जुने खंड उपलब्ध आहेत; गंधकवलयांच्या अभ्यासकाने मूळ निबंधच पाहावेत.