चारोळीचा हक्क

श्रीखंडावर चारोळी पेरतांना ती कोणत्या रानांतून आली, हा विचार शहरांतील घरांत क्वचितच येतो. चिचगडच्या जंगलांत चार नांवाचा वृक्ष असतो. उन्हाळ्यांत त्याचीं काळीं फळें पिकतात. गोंड कुटुंबें कठीण कवच फोडून आंतील बी काढतात. मध्य हिंदुस्थानांतील गोंड मुलखांत ही मोलाची चारोळी पूर्वीं मिठाच्या मोबदल्यांत दिली जाई.

चिचगडची जमीनदारी १९५१ सालीं संपली. परंतु रान सरकारचें झालें, वेंचणाऱ्याचें नव्हे. झाड आपलें नसलें कीं दुसरा आधीं नेईल या भीतीनें कच्चीं फळें झोडलीं जातात, फांद्या तुटतात आणि बी पोसत नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजावर पारंपरिक वननिवासींची मालकी मान्य केली. आतां गांवानें एकविचारानें फळ पिकूं द्यावें, यांतच त्या हक्काचें सार्थक आहे.