बाबिलोनची गोफण आणि वाऱ्यावर शिजणारें अंडें

अंडें उकडावयाचें म्हणजे पाणी हवें, ही समजूत इतकी रुळलेली आहे कीं, 'उकडलेलें अंडें' या शब्दांतच पातेलें, पाणी आणि चूल हीं गृहीत धरलेलीं असतात. अलीकडे मात्र स्वयंपाकघरांत असें एक विजेचें यंत्र आलें आहे कीं, त्यांत पाण्याचा थेंबही न घालतां अंडें कवचासकट घट्ट शिजून निघतें. 'एअर फ्रायर' हें त्याचें नांव. वरच्या बाजूस तापणारी तार, तिच्याजवळ वेगानें फिरणारा पंखा आणि खालीं जाळीची टोपली, एवढाच त्याचा संसार. टोपलींत अंडीं मांडून उष्णतामान १३० ते १५० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान ठेवलें म्हणजे सामान्यतः १२ ते १७ मिनिटांत आंतील पांढरा भाग आणि पिवळा बलक हे दोन्ही घट्ट होतात. शिजविण्याचें जें काम आजवर पाण्यानें केलें, तें येथें वारा करतो.

यंत्र नवें असलें, तरी वाऱ्यानें अंडें शिजतें ही कल्पना नवी नाहीं. याच प्रश्नावरून ४०० वर्षांपूर्वी इटलींतील दोन मोठ्या विद्वानांत कडाक्याचा वाद झाला, आणि त्यांतील खरें-खोटें पुरतेपणीं निवडावयास पुढें सव्वादोनशें वर्षें जावीं लागलीं. श्रोत्यांना आज त्या वादाची हकीकत सांगावयाची आहे. ती वरवर पाहतां अंड्याची असली, तरी कोणतीही गोष्ट खरी मानावयाची ती कशाच्या आधारावर, हा तिच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे.

१६१८ सालीं युरोपच्या आकाशांत एकामागून एक असे तीन धूमकेतु दिसले. त्यांतील शेवटचा फारच तेजस्वी होता. धूमकेतु हे पृथ्वीवरून वर गेलेले उष्ण व कोरडे वायु असून उंच हवेंतील गतीमुळें ते पेट घेतात, असें ॲरिस्टॉटलचें मत होतें. रोम येथील जेझुइटांच्या 'कोलेजिओ रोमानो' या विद्यापीठांत गणिताचे अध्यापक असलेले ओराझियो ग्रासी यांनीं १६१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानांत, हा धूमकेतु चंद्राच्याही पलीकडे असला पाहिजे, असें मोजमापांच्या आधारें प्रतिपादन केलें. ग्रासी हे सामान्य गृहस्थ नव्हते. रोममधील संत इग्नेशियसच्या भव्य चर्चचा आराखडा त्यांच्याच हातचा आहे. गॅलिलिओ त्या वेळीं आजारी होता. त्याचा शिष्य मारिओ ग्विदुच्ची याच्या नांवानें ग्रासींवर टीका करणारा एक निबंध निघाला. त्यामागें गुरूचाच हात होता, हें कोणापासून लपून राहिलें नाहीं. ग्रासींनीं लोथारिओ सार्सी हें टोपणनांव घेऊन उत्तर दिलें आणि आपल्या ग्रंथाला 'तराजू' असें नांव दिलें. त्यावर गॅलिलिओनें १६२३ सालीं जो प्रतिग्रंथ लिहिला त्याचें नांव 'इल साज्जातोरे', म्हणजे सोन्याचा कस पाहणारा पारखी. तराजूनें भाजी तोलतां येते, सत्य तोलावयास सराफाचा नाजूक कांटा लागतो, असा त्यांतील टोमणा होता.

या दोन ग्रंथांत गोफणींतलें अंडें येतें. हवेंतून वेगानें जाणारी वस्तु हवेशीं घांसून तापते कीं नाहीं, असा मुद्दा होता. ती तापते, असें ग्रासींचें म्हणणें. पुराव्यासाठीं त्यांनीं प्राचीनांची साक्ष काढली. गोफणींतून सुटलेली शिशाची गोळी वाटेंतच वितळते, असें ओव्हिड आणि व्हर्जिल यांच्यासारख्या कवींनीं वर्णिलें होतें. शिवाय दहाव्या शतकांतील 'सुदा' नांवाच्या ग्रीक ज्ञानकोशांत (त्या काळीं तो सुइदास नांवाच्या पंडिताचा समजला जाई) एक गोष्ट होती: बाबिलोनी लोक कच्चीं अंडीं गोफणींत घालून गरगर फिरवीत आणि तीं तशींच शिजवून खात. एवढ्या मान्यवरांनीं लिहून ठेविलेलें खोटें कसें असेल, असा ग्रासींचा प्रश्न होता.

गोफण आपणांसही परकी नाहीं. ज्वारीला कणसें धरलीं म्हणजे माळ्यावर उभा राहून राखणदार दिवसभर ती फिरवीत असतो. तिच्यांतून सुटलेला गोटा पांखरांना उडवितो. परंतु तो तापून सुटतो, असें आजवर कोणत्याही राखणदारानें सांगितलेलें नाहीं. गॅलिलिओचें उत्तर नेमकें याच धर्तीचें होतें. त्याच्या म्हणण्याचा आशय असा: एखादी गोष्ट पूर्वीं इतरांना साधली आणि आम्हांला साधत नसेल, तर त्यांच्यापाशीं असलेलें कांहीं तरी आमच्यापाशीं नाहीं, असें मानावें लागेल. आमच्यापाशीं अंडीं आहेत, गोफणी आहेत, त्या फिरविणारे धट्टेकट्टे गडीही आहेत. तरी आमचीं अंडीं शिजत नाहींत. उलट तीं आधींच गरम असलीं तर लवकर निवतात. आतां आमच्यांत उणें तें एकच, आम्ही बाबिलोनचे रहिवासी नाहीं. म्हणून अंडें घट्ट होण्याचें कारण हवेचें घर्षण नसून बाबिलोनी असणें हेंच होय! जी गोष्ट आपल्या हातांनीं आत्तां पडताळून पाहतां येते, तिच्यासाठीं दोन हजार वर्षांपूर्वींचे साक्षीदार कशाला शोधावयाचे, असा त्याचा रोख होता.

या उत्तरानें ग्रासींचा पाडाव झाला, असें वाचकांना वाटलें यांत नवल नाहीं. ज्या पोप आठव्या अर्बनला तो ग्रंथ अर्पण केला होता, त्यालाही तो आवडला. पुढें दहाच वर्षांनीं, १६३३ सालीं, त्याच पोपच्या अमदानींत गॅलिलिओवर खटला झाला, हा इतिहास निराळा. इतिहासानें मात्र दोघांनाही पुरता न्याय दिला आहे, आणि तो एकतर्फी नाहीं. धूमकेतु चंद्रापलीकडे असतात, हें ग्रासींचें म्हणणें खरें ठरलें. ते कदाचित् प्रकाशाचा खेळ असावेत, अशी जी शंका गॅलिलिओनें मांडली होती, ती चुकीची निघाली. अंड्याच्या बाबतींत मात्र निकाल लागावयास उष्णतेचें स्वरूपच आधीं कळावें लागलें.

पहिली पायरी न्यूटनची. १७०१ सालीं त्यानें निनांवी प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा लेखांत तापलेलें लोखंड किती वेळांत किती निवतें, याचा विचार आहे. तें लोखंड त्यानें मुद्दाम एकसारख्या वाहणाऱ्या वाऱ्यांत ठेवलें होतें. कारण स्थिर हवेंत वस्तूभोंवतीं तापलेल्या हवेचें आवरण सांचतें, वाऱ्यांत तें सतत वाहून जाऊन नवी थंड हवा स्पर्श करीत राहते. कढत दुधावर आपण फुंकर घालतों ती याचसाठीं. गॅलिलिओचीं गरम अंडीं गोफणींत लवकर निवत त्याचें कारणही हेंच.

परंतु या नियमाची दुसरी बाजूही आहे. वारा वस्तूपेक्षां थंड असेल तर तो तिची उष्णता नेतो. तोच अधिक गरम असेल तर आपली उष्णता तिला देतो. हें व्यवहारांत उतरविण्याचें श्रेय मुख्यतः काउंट रम्फर्ड याला आहे. बेंजामिन टॉम्सन हें त्याचें मूळ नांव. १७५३ सालीं अमेरिकेंत जन्मलेल्या या माणसानें बव्हेरियांत मोठी नोकरी करून ही सरदारकी मिळविली आणि १७९९ सालीं लंडन येथें 'रॉयल इन्स्टिट्यूशन' स्थापन करण्यांत पुढाकार घेतला. त्याच्या भट्टींत लोखंडी नळकांडें असे, आणि त्याच्या तळाखालून विस्तवावरून जाणाऱ्या दोन नळ्या असत. त्यांचीं तोंडें उघडलीं कीं, बाहेरची हवा नळ्यांत शिरून कडकडीत तापे, मांसावरून जोरानें वाही आणि वरच्या नळीनें वाफेसह बाहेर पडे. असल्या भट्ट्या अमेरिकेंतील न्यू इंग्लंड भागांतल्या कांहीं जुन्या घरांत अजून पाहावयास मिळतात. पंखा तेवढा नव्हता. बाकीचें तत्त्व आजच्या यंत्राचेंच होतें. पंख्याची भर विसाव्या शतकांत पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस विल्यम मॅक्सन या अमेरिकन संशोधकानें विमानांतील गोठविलेलें जेवण लवकर गरम करण्यासाठीं पंखा बसविलेली हलकी भट्टी तयार केली. पुढें २०१० सालीं फिलिप्स कंपनीनें बर्लिनच्या प्रदर्शनांत घरगुती एअर फ्रायर मांडला, आणि तेथून तो जगभर पसरला.

येथें कोणी म्हणेल, मग ग्रासींचेंच खरें ठरलें. हवेच्या झोतानें अंडें शिजलेंच कीं! पण तसें नाहीं. या यंत्रांत पंखा उष्णता उत्पन्न करीत नाहीं; ती तारेंतून येते. पंखा ती अंड्यापर्यंत पोंचवितो, एवढेंच. वारा हा येथें निरोप्या आहे, धनी नव्हे. निरोप्याही फारसा बळकट नाहीं. पाणी हवेपेक्षां सुमारें ८०० पट जड आणि वजनाच्या मानानें चौपट उष्णता धरणारें. म्हणून १०० अंशांच्या उकळत्या पाण्यांत १० ते १२ मिनिटांत होणाऱ्या कामाला १३० अंशांच्या वाऱ्याला अधिक वेळ लागतो. अंड्यांतील पांढरा भाग ६२ अंशांच्या आसपास गोठूं लागतो आणि पिवळा बलक ७० अंशांच्या सुमारास घट्ट होतो. तेवढी उष्णता आंतपर्यंत पोंचली कीं, ती पाण्यानें आणली कीं वाऱ्यानें, हें अंड्याला ठाऊक नसतें. बाहेर काढलेलें अंडें लगेच थंड पाण्यांत टाकावें, हेंही दोहोंना सारखेंच लागू. नाहीं तर आंतील शिजणें चालूच राहतें, आणि पांढऱ्या भागांतील गंधक व बलकांतील लोह यांच्या संयोगानें बलकाभोंवतीं हिरवट कडें धरतें.

तरी ग्रासींच्या म्हणण्यांत सत्याचा अंश होता. गतीपासून उष्णता होते, हें रम्फर्डनेंच १७९८ सालीं दाखवून दिलें. बोथट सामत्यानें तोफेच्या धातूला भोंक पाडतांना होणाऱ्या घर्षणानें त्यानें अडीच तासांत, विस्तवावांचून, पाणी उकळविलें. १८४७ सालीं जेम्स जूल यानें मँचेस्टरच्या एका व्याख्यानांत उल्का पेटतात त्याही हवेच्या प्रतिबंधामुळें, असें सांगितलें. पुढें १८५७ च्या सुमारास जूल आणि विल्यम थॉमसन यांनीं उष्णतामापकच हवेंतून गरगर फिरवून पाहिले. म्हणजे गोफणीचाच प्रयोग, अंड्याच्या जागीं उष्णतामापक! त्यांत पारा खरोखर चढला, आणि ही वाढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, असें आढळलें.

आतां हिशेब सोपा झाला. हातानें फिरविलेल्या गोफणीचा वेग सेकंदाला ३० मीटर धरला, तर या कारणानें होणारी वाढ अर्ध्या अंशाहूनही कमी भरते. साध्या खोलींतील अंडें ७० अंशांपर्यंत नेण्यास तें जवळजवळ आवाजाच्या वेगानें, म्हणजे सेकंदाला सुमारें ३४० मीटर या गतीनें, फिरवावें लागेल. इतका वेग बाबिलोनच्याच काय, कोणत्याही गड्याच्या दंडांत नसतो. उलट 'कॉन्कॉर्ड' हें विमान १९७६ पासून २००३ पर्यंत आवाजाच्या दुप्पट वेगानें प्रवासी नेत असे. तेव्हां बाहेरची हवा शून्याखालीं पन्नासहून अधिक अंश थंड असतांही त्याचें नाक १२७ अंशांपर्यंत तापे. अंडीं शिजविण्यासाठीं आपण एअर फ्रायरचा कांटा ठेवतों तो जवळपास याच आंकड्यावर.

तेव्हां निकाल असा: गतीनें हवा तापते, हें ग्रासींचें तत्त्व खरें, पण त्यांनीं दिलेला दाखला खोटा. अंडें गोफणींत निवतें, हा गॅलिलिओचा अनुभव खरा, पण तो मानवी हाताच्या वेगापुरता. तरीही दोघांत वाट दाखविली ती गॅलिलिओनें. ती गोष्ट शतकानुशतकें एका ग्रंथांतून दुसऱ्या ग्रंथांत उतरली. अंडीं आणि गोफणी तर गांवोगांव होत्या. तरी फिरवून पाहावें, असें लिहिणाऱ्यांपैकीं कोणाला सुचलें नव्हतें. आणि जूल व थॉमसन यांनीं गॅलिलिओच्या मर्यादेबाहेरचें सत्य शोधलें, तें त्याच्याच रीतीनें, फिरवून पाहून.

ज्यांच्या घरीं हें नवें यंत्र असेल, त्यांना हा जुना वाद सहज पडताळतां येईल. कांहीं यंत्रांत तार बंद झाल्यावरही पंखा थोडा वेळ चालू राहतो. तशा वेळीं पाण्यांत उकडलेलें एक गरम अंडें थंड टोपलींत त्या वाऱ्यासमोर ठेवावें आणि दुसरें बाहेर स्थिर हवेंत ठेवावें. कोणतें आधीं निवतें, तें हातालाच कळेल.