सोनं उरतं, पारा जातो

कुणी चिडलं की आपण म्हणतो, 'पारा चढला.' थर्मामीटरवरून आलेला हा साधा वाक्प्रचार. गंमत अशी, की पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली तर माणूस खरोखरच चिडखोर होतो. झोप उडते, विसरायला होतं, हात थरथरतात.

आमच्या भागात पाऱ्याचा विषय निघतो तो सोन्यामुळे. सांगलीतले खानापूर-आटपाडी आणि साताऱ्यातले माण-खटाव हे एकमेकांना लागून असलेले दुष्काळी तालुके. शेतीवर भागेना, म्हणून इथली माणसं पिढ्यानपिढ्या गलाईला बाहेर पडली. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणं. आज देशातल्या कितीतरी शहरांच्या सराफ गल्लीत विट्याकडचा एखादा गलाईवाला भेटतो. आमचे एक चुलत आजोबा तमिळनाडूत हाच धंदा करायचे. त्यांनी बांधलेली माडी आणि देवळाला दिलेली वर्गणी गावात सगळ्यांना पाठ आहे. त्यांच्या भट्टीबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

गलाईचं बरंचसं काम तेजाबावर, म्हणजे नायट्रिक आम्लावर चालतं. त्यात चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तसंच राहतं. पण सोनाराच्या दुकानातला केर आणि राख यांतही सोन्याचे कण असतात. असा केर धुणाऱ्याला आपल्याकडे झारेकरी म्हणत. नुसत्या पाण्याने अगदी बारीक कण हाती लागत नाहीत. तिथे पारा कामाला येतो. तो सोन्याला धरतो आणि दोघांचा मऊ गोळा होतो. तो फडक्यातून पिळून तापवायचा. पारा 357 अंश सेल्सिअसला उकळतो, सोनं 1064 अंशांना वितळतं. म्हणून पारा जातो आणि सोनं उरतं.

ही युक्ती जगभर जुनी आहे. प्रश्न एवढाच, की 'पारा जातो' म्हणजे कुठे जातो?

इथे पाऱ्याची रूपं समजून घ्यायला हवीत. थर्मामीटर फुटल्यावर घरंगळणारा चकचकीत थेंब बघून आपण घाबरतो. पण तो चुकून गिळला गेला, तरी बहुतेक सगळा तसाच बाहेर पडतो. त्याच थेंबाची वाफ श्वासातून गेली, तर सुमारे 80 टक्के शरीरात राहते आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोचते. या वाफेला ना रंग, ना वास. दुसरं रूप क्षारांचं. रसकापूरासारखे विरघळणारे क्षार मूत्रपिंडावर घाव घालतात. हिंगूळ हाही पाऱ्याचाच, गंधकाशी जोडलेला. पण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून शरीरात कमी शोषला जातो. तोच हिंगूळ तापवला, की त्यातून पारा सुटतो. तिसरं रूप सेंद्रिय, म्हणजे मिथाइल पारा. भट्टीतून उडालेला पारा हवेतून पाण्यात उतरतो, तिथले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात आणि माशांमागून माशांत तो साठत जातो.

या तिसऱ्या रूपाने जपानमधल्या मिनामाता गावाचं नाव जगभर झालं. तिथल्या चिस्सो कंपनीच्या सांडपाण्यातून मिथाइल पारा थेट समुद्रात जात होता. 1956 मध्ये या आजाराची अधिकृत नोंद झाली. आधी मांजरं झटके येऊन मरत होती, मग माणसं आजारी पडली. आईला फारसा त्रास नसतानाही बाळं जन्मतःच अधू निघाली. याच गावाच्या नावाने झालेला पाऱ्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार 2017 मध्ये लागू झाला. भारताने त्याला 2018 मध्ये मान्यता दिली.

मिनामातात आख्खं गाव आजारी पडलं, म्हणून जगाला दिसलं. गलाईवाला एकेकटा, दूरच्या शहरात, बंद खोलीत बसतो. म्हातारपणी गावी परततो. हात थरथरू लागले की घरचे म्हणतात, 'वय झालं.' आमच्या आजोबांचेही हात थरथरायचे. ते पाऱ्यामुळेच, असं मी म्हणणार नाही. थरथरीची कारणं अनेक असतात. मला खटकतं ते वेगळंच. त्यांच्या केसपेपरवर धंदा म्हणून 'शेती' लिहिलेलं होतं. आयुष्यातली तीसेक वर्षं त्या एका शब्दात गायब झाली.

इटलीतला वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी याने 1700 मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्यात पाऱ्याने सोन्याचा मुलामा देणाऱ्या कारागिरांवरही प्रकरण आहे. रोग्याला इतर प्रश्नांसोबत त्याचा धंदाही विचारा, हा त्याचा आग्रह होता. तीनशे वर्षं उलटली, तरी त्याची गरज संपलेली नाही. वाफेचा पारा लघवीच्या तपासणीत कळतो, पण काम सुटून वर्षं लोटली की तो उतरलेला असतो. मग रिपोर्ट नॉर्मल येतो आणि पुरावा म्हणून फक्त माणसाची हकिगत उरते.

भट्टीवर अजून बसलेल्यांसाठी उपाय अवघड नाहीत. पारा बंद भांड्यात तापवून वाफ थंड करून परत मिळवता येते. धूर बाहेर ओढणारी सोय करता येते. राहायची खोली भट्टीपासून वेगळी ठेवता येते. सगळ्यात आधी तपासणी, तीही काम चालू असतानाच. आणि तुमच्या घरात गलाईहून परतलेले कुणी आजोबा असतील, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत जा. धंद्याच्या रकान्यात 'गलाई' लिहायला सांगा, किती वर्षं केली तेही सांगा.