२ ऑक्टोबर १९५० : ‘पीनट्स’चा पहिला दिवस

चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका या दिवशी अमेरिकेतील सात वृत्तपत्रांत सुरू झाली. पहिल्याच पट्टीत रस्त्याकडेला बसलेला मुलगा समोरून येणाऱ्या चार्ली ब्राउनचे, म्हणजे मालिकेच्या नायकाचे, कौतुक करतो आणि तो पुढे जाताच त्याचा आपल्याला किती तिटकारा आहे, हे सांगून टाकतो! लहान मुलांच्या मनातला हा कडवटपणा इतक्या थेटपणे मांडणे धाडसाचेच. स्नूपी दोन दिवसांनी अवतरला, तोही चार पायांवर चालणारा साधा कुत्रा म्हणून. लूसी आणि लायनस ही पात्रे १९५२ मध्ये आली. मालिकेचे नाव वितरक संस्थेने ठरवलेले. शुल्झ यांना ते कधीच आवडले नाही. पुढे जवळपास पन्नास वर्षे प्रत्येक पट्टी त्यांनी स्वतःच रेखाटली. शेवटची १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आली. आदल्या रात्रीच त्यांचे निधन झाले होते.