ओढ्यातील जिवंत गाळण्या

रायगड जिल्ह्यातील चिरनेर हे गाव १९३० सालच्या जंगल सत्याग्रहामुळे इतिहासात नोंदले गेले. अशा डोंगराळ जंगलाचा पाचोळा हे तेथून उतरणाऱ्या ओहोळांतील जीवसृष्टीचे मुख्य अन्न होय. दाट सावलीमुळे पाण्यात शेवाळ बेताचेच वाढते. उलट काठच्या झाडांची पाने पाण्यात कुजतात, त्यांचा भुगा होतो आणि तो प्रवाहाबरोबर वाहू लागतो. कोकणातील नद्या आखूड व तीव्र उताराच्या असल्याने हे अन्न थोड्याच अवधीत खाडीत जाऊ शकते. त्यातील काही भाग वाटेत अडवण्याचे काम कीटकांच्या अळ्या करतात.

सिम्युलियम या काळ्या माशीची अळी दगडावर रेशमाची गादी विणते, शरीराच्या मागच्या टोकावरील आकड्यांनी तिला धरून राहते आणि डोक्यावरील दोन पंखे प्रवाहात उघडून सूक्ष्म कण टिपते. हायड्रोप्सायकी कुळातील कॅडिसमाशीची अळी दगडांच्या फटीत रेशमी जाळे लावते. या अळ्यांची विष्ठा गिळलेल्या कणांपेक्षा आकाराने मोठी असल्याने तळाशी लवकर बसते आणि तेथील इतर जीवांचे अन्न बनते. मासे तर या अळ्यांवरच ताव मारतात. शिवाय कॅडिस अळ्यांचे रेशीम वाळू-खडे एकत्र बांधून ठेवते. त्यामुळे पुरात तळाची धूप कमी होते.

या अळ्यांची विविधताही महत्त्वाची ठरते. कार्डिनेल, पामर व कॉलिन्स यांनी २००२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅडिसमाशीच्या तीन जाती एकत्र असताना एकेकट्या जातीपेक्षा अधिक अन्न गाळले गेले. निरनिराळ्या उंचीच्या जाळ्यांमुळे तळ खडबडीत होतो आणि मागच्या अळ्यांपर्यंतही प्रवाह पोहोचतो.

या सर्वांना खेळते पाणी, मोकळे दगड आणि मुबलक प्राणवायू लागतो. दगड-वाळू उपसली, बंधाऱ्यामागे गाळ साचला किंवा सांडपाणी मिसळले, की त्या नाहीशा होऊ लागतात. गाळून खाणे मात्र थांबत नाही. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डासाची अळीही तोंडाजवळच्या केसांच्या झुपक्यांनी कण ओढून घेते, आणि या डासांची मादी हत्तीरोगाचा प्रसार करते. ओढा वाहता ठेवायचा की साचू द्यायचा, यावर तेथे कोणती अळी नांदणार हे अवलंबून असते.