मोहरीचे कुळ

पौष महिन्यात जयपूरहून टोंकच्या वाटेला लागले, की पिवळ्या फुलांनी भरलेली शेते दिसू लागतात. मोहरीच्या उत्पादनात राजस्थान देशात अग्रेसर आहे. तिकडे या पिकाला सरसों म्हणतात. आपल्याकडे त्याचेच दाणे फोडणीत तडतडतात. रोजच्या वापरातील या दाण्याला त्याचे कुळ सहसा कोणी विचारीत नाही. परंतु एका जुन्या वादाचा निकाल त्याच्या पोटात दडलेला आहे. सृष्टीत नवी जाती उत्पन्न होते काय? होत असेल, तर ती उत्परिवर्तनाने, की संकराने?

अठराव्या शतकात लिनियसने प्रथम सांगितले, की जाती आरंभी निर्माण झाल्या तेवढ्याच. पुढे मात्र संकरातून नव्या जाती निपजत असाव्यात, असे त्यालाच वाटू लागले. कोलरॉयटरने १७६० च्या सुमारास तंबाखूच्या दोन जातींचा संकर करून पाहिला. रोप वाढले, फुलले. पण खेचराप्रमाणे वांझ निघाले. ज्याला वंश नाही, त्याला जाती कसे म्हणावे?

हॉलंडच्या ह्यूगो द व्ह्रीसने ईनोथेराच्या झाडांत एकाएकी निराळी रोपे उगवलेली पाहिली आणि १९०१ साली उत्परिवर्तनवाद मांडला. जाती एका उडीत जन्मते, असा त्याचा दावा. पुढील तपासात त्याची बहुतेक ‘नवी’ रोपे म्हणजे त्या वनस्पतीच्या विलक्षण गुणसूत्ररचनेचा खेळ ठरली. तरी त्यांतील ‘गिगास’ नावाचे धिप्पाड रोप वेगळे होते. त्याची गुणसूत्रे दुप्पट झाली होती, आणि कोलरॉयटरच्या कोड्याची किल्ली नेमकी येथेच होती.

दोन परक्या जातींच्या संकरात गुणसूत्रांना जोडीदार मिळत नाही, म्हणून बीज धरत नाही. सर्व गुणसूत्रे दुप्पट झाली, की प्रत्येकाला जोडी लाभते आणि वांझपण फिटते. रशियातील कार्पेचेंको याने १९२० नंतरच्या दशकात मुळा आणि कोबी यांचा संकर केला. दोहोंची गुणसूत्रे १८-१८. संकर जवळजवळ वांझ होता. पण जे थोडे बी मिळाले, त्यातून ३६ गुणसूत्रांची सुफल रोपे वाढली. प्रयोगशाळेत नवे कुळ उभे राहिले. त्याच्या कर्त्याच्या नशिबी मात्र वेगळे होते. आनुवंशिकीवर लिसेंकोपंथीयांची वक्रदृष्टी झाली, आणि १९४१ मध्ये कार्पेचेंकोला गोळी घालण्यात आली. विद्येतील वाद सत्तेच्या हाती गेला, की त्याचा निकाल प्रयोगाने लागत नाही.

आता मोहरीकडे वळू. जपानमध्ये काम करणारे कोरियन वंशाचे ऊ नागाहारू यांनी १९३५ साली या वर्गाची वंशावळ मांडली. काळ्या मोहरीची गुणसूत्रे १६. तोरिया आणि सलगम ज्या जातीचे, तिची २०. आपल्या राईची ३६. म्हणजे ती या दोहोंची संतती! दिल्लीत रामानुजम आणि श्रीनिवासाचार यांनी १९४३ साली या दोन जातींपासून राई कृत्रिम रीतीने घडवून दाखविली. निसर्गाने जे शेकडो पिढ्यांपूर्वी केले, तेच माणसाने पुन्हा केले.

जयपूरचा या कथेशी आणखी एक संबंध आहे. वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानाचे थोर अभ्यासक पंचानन माहेश्वरी यांचा जन्म १९०४ साली याच शहरातला. दूरच्या संकरात पुष्कळदा परागकण कुक्षीवरच अडतो. १९६२ साली माहेश्वरी, कुसुम कांता आणि रंगस्वामी यांनी दिल्ली विद्यापीठात अफूची बीजांडे परीक्षानळीत ठेवून तेथेच त्यांचे फलन घडविले. कुक्षीचा अडसर ओलांडण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

मग उत्परिवर्तनाचे काय? भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणांच्या साहाय्याने पिवळ्या दाण्याची मोहरी निघाली. पण ते नवे वाण, नवी जाती नव्हे. एकटे उत्परिवर्तन सहसा एका उडीत जाती घडवीत नाही. ते भेद पुरविते, आणि निवड व दुरावा यांनी दीर्घ काळात त्यांतून जाती घडते. संकराला गुणसूत्रांच्या दुपटीची जोड मिळाली, तर मात्र हेच काम एकदोन पिढ्यांत होते. वादाचे दोन्ही पक्ष अर्धे खरे होते, अर्धे घाईत होते.

तेव्हा उद्या फोडणीत मोहरी तडतडली, की एवढे आठवावे : जातींच्या शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरात हा संकराचा दाणा कधीपासून सुखाने नांदत आहे.